राईची खासदारीण

पेठ तालुक्यात तानुबाईला लोक भीत, ते ती खासदार होती म्हणून नव्हे. खासदार येतात, हात जोडतात आणि जातात, त्यांना कोण भितंय? लोक भीत ते तिच्या हाताला. बाईचा हात एकदा वर गेला की कुणाच्या तरी अंगावर पडूनच खाली येई, मग समोर फौजदार असो की सासरा. तिचा नवरा यादव चारचौघांत सांगे, "आमच्या घरात बोलायचं काम माझं, बाकी समदं तिचं." लोक हसत, यादवही हसे, आणि तानुबाई चुलीपुढून ओरडे, "आता बोलून झालं आसंल तर सरपान फोड."

गाव खैरखोंडा. पेठेपासून आत डोंगरात, गुजरातच्या हद्दीकडे तोंड करून बसलेलं. भात, नागली, वरई पिकवायची आणि दिवाळी सरली की पोरंबाळं काखेत मारून खाली पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षांच्या बागांत मजुरीला जायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. गावाच्या वर खैराचं जंगल. खैराच्या लाल गाभ्यातून कात निघतो, तोच तुम्ही पानात घालून चघळता, आणि तो काढणाऱ्या भट्ट्या हद्दीच्या पलीकडे. झाड अलीकडे, भट्टी पलीकडे आणि मधल्या डोंगरात राखणीला सरकारचा एक गार्ड, हातात एक काठी. आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्यानं काय राखायचं होतं?

यादव खैर तोडण्यात पटाईत. झाड आडवं करून, साल सोलून, गाभ्याचे ओंडके काढून तो दुपारच्या भाकरीला घरी. ओंडके उचलायला पिंपळगावच्या धनराज शेठचा टेम्पो येई. शेठचा धंदा कांद्याचा. टेम्पोत खाली खैर, वर कांद्याच्या गोणी, की चालला टेम्पो धरमपूरच्या रस्त्यानं गुजरातेत. नाक्यावरचा शिपाई कांद्याच्या वासानं नाक मुरडी आणि हात हलवून जाऊ देई.

नव्वद सालच्या पुढेमागे एक नवा गार्ड आला, तो अंगात वारं भरलेला. त्यानं यादवला झाडावरच धरलं. त्याच्याच पागोट्यानं त्याचे हात खैराला बांधले आणि लागला थोबाडीत मारायला. शिव्याही देत होता, यादवच्या आईपासून सुरुवात करून. तानुबाई मोळी घेऊन वरून येत होती. तिनं मोळी टाकली, कमरेचा कोयता काढला आणि उलट्या बाजूनं असा हाणला की गार्डाच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज यादवला ऐकू आला. तो खाली पडला तर ही त्याच्या छातीवर बसली. "आता बोल, कोनाची आय?" असं विचारत तिनं त्याला एवढा ठोकला की शेवटी यादवच झाडाला बांधलेला ओरडू लागला, "आगं सोड, मरंल त्यो!"

दुसऱ्या दिवशी खात्याची जीप आली, तेव्हा गावच्या बाया वाटेत आडव्या बसल्या होत्या आणि पुढे तानुबाई, मांडीवर कोयता. साहेब जीपमधून उतरलाच नाही. जीप मागं फिरली तशी बायांनी जी आरोळी ठोकली, ती म्हणे पार खालच्या पाड्यापर्यंत गेली. तानुबाईची पुढारकी त्या दिवशी सुरू झाली. मार देऊन सुरू झाली, आणि तिनंही मनाशी धरलं की पुढारकी अशीच असते.

धनराज शेठ हुशार माणूस. ओळखायची चीज त्यानं बरोबर ओळखली. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा त्यानं तानुबाईला उभी केली. मग जिल्हा परिषद. मग अठ्ठ्याण्णव साली लोकसभेची राखीव जागा आली, आणि नाशिकच्या पुढाऱ्यांना डोंगरातली, दांडगी आणि आपल्या मुठीत राहील अशी बाई हवी होती. मुठीत राहील हे त्यांना शेठनं सांगितलं होतं. मतदानाच्या दिवशी एका केंद्रावर विरोधकांची पोरं मतपेटी उचलायला घुसली. तानुबाईनं बोटाला लावायच्या शाईची बाटली पहिल्याच्या तोंडावर फोडली. काचा गालात गेल्या आणि शाई कातडीत. पुढे कित्येक दिवस तो गडी जांभळं तोंड घेऊन फिरत होता आणि तालुका त्याला "पक्कं मत" म्हणत होता. तानुबाई निवडून आली.

दिल्लीत तिला थंडी वाजली, डाळ गोड लागली नाही आणि भाषणं कळली नाहीत. पण बाई खुळी नव्हती. कुणाच्या दारात किती वेळ ठाण मांडलं की काम होतं हे तिला कळलं. तिनं खैरखोंड्याला डांबरी रस्ता आणला. अहाहा, काय तो थाट! रस्त्याच्या उद्घाटनाला यादव नवं धोतर नेसून रोलरवर बसला होता. तेरा महिन्यांत सरकार पडलं, दुसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही, तानुबाई घरी आली, पण रस्ता राहिला. त्या रस्त्यानं आता टेम्पोच्या जागी ट्रक येऊ लागले. पूर्वी महिन्यात निघे एवढा खैर आठवड्यात निघू लागला. दोन पावसाळ्यांत वरचा डोंगर उघडा पडला. राहिली ती फक्त वाघदेवाची राई, गावाच्या डोक्यावरचा झाडांचा एक झुबका. तिथं वाघदेवाचा शेंदरी दगड आहे, म्हणून कुऱ्हाड तिथं थबकली होती.

राईच्या पायथ्याशी गावाचा झिरा. आजोबा-पणजोबांच्या काळापासून न आटलेला. डोंगर उघडा पडला तसा तो वैशाखात आटला. बाया वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. एकीचा हंडा भरेपर्यंत दुसरीनं बसून राहायचं, आणि उन्हात बसलेल्या बाईचं डोकं कसं तापतं ते काय सांगायला हवं?

तानुबाईची थोरली बहीण गोजराबाई याच गावात दिलेली होती. आई लवकर गेली, तेव्हापासून गोजरानंच तानूला वाढवलं, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिला चिमटे घेऊन वळण लावलं. त्या वैशाखात झिऱ्यावर गोजरेचा आणि यशोदाबाईचा नंबरावरून वाद झाला. यशोदाबाई शेजारच्याच आळीतली, तोंडानं फाटकी पण कधी कोंबडीसुद्धा न मारलेली. घरी तिचं तान्हं तापानं फणफणलं होतं. गोजरानं तिची वाटी लाथेनं उडवली, साठलेलं घोटभर पाणी मातीत गेलं, आणि यशोदानं हातातली पितळी कळशी उचलून गोजराच्या कानशिलात घातली. एकच. गोजरा बसली होती तशीच कलंडली. पेठेला न्यायला खाट उचलली, पण डांबरी रस्ता लागायच्या आत ती संपली.

तानुबाईनं बहिणीचं तोंड पाहिलं आणि कोयता घेऊन निघाली. कुणी अडवलं नाही. कोण अडवणार? यशोदा पळाली नव्हती. ती झिऱ्याजवळच बसली होती, रक्त लागलेली कळशी मांडीवर घेऊन. तानुबाईनं तिचे केस धरून मान मागं ओढली.

"मार," यशोदा म्हणाली. "म्या मारली तिला, तू मला मार. पन आदी मला एवढं सांग तानू, हितलं पानी कोनी नेलं?"

तानुबाईचा हात वर होता. सगळं गाव पाहत होतं.

"बोल ना! म्या नेलं? गोजराबायनं नेलं? टरकात भरून रोज कोन नेत व्हतं आमच्या म्होरून? त्या टरकाला रस्ता कोनी आनला?"

आयुष्यात पहिल्यांदा तानुबाईचा वर गेलेला हात कुणालाही न लागता खाली आला. तिनं केस सोडले आणि ती त्या कोरड्या झिऱ्यात बसून ढसाढसा रडली. बहिणीसाठी रडली, आणि यशोदा बोलली त्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता म्हणूनही रडली. पोलीस येऊन यशोदेला घेऊन गेले. पुढे तिच्या जामिनाला कोणी उभं राहीना, तेव्हा तानुबाईच जाऊन उभी राहिली. तालुका तोंडात बोट घालून बघत राहिला. माफ मात्र केलं नव्हतं हो. शेवटपर्यंत तिनं यशोदेच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही.

बाराव्याच्या दिवशी ती यादवला म्हणाली, "आता झाडाला हात लावायचा नाय. आपन बी नाय, कोनी बी नाय."

यादव हसला. "आन खायचं काय? तुझी खासदारकी?"

तिनं कोपऱ्यातली त्याची कुऱ्हाड घेतली, दांडा गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला. यादवनं तिच्या पाठीत लाथ घातली. तिनं जळतं लाकूड ओढून त्याच्या दंडावर टेकवलं. शेजारीपाजारी धावून आले तेव्हा दोघंही एकमेकांची गळपट धरून अंगणात लोळत होती. त्या संध्याकाळी यादव दंडावर तेल लावून पिंपळगावला गेला, तो धनराज शेठच्या गोदामातच राहिला. आता शेठची टोळी तोच चालवू लागला, आणि या डोंगरातली प्रत्येक वाट त्याच्या पायाखालची. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काही उगाच नाही.

तानुबाईचं नवं आयुष्य सुरू झालं ते असं. शहरातल्या वर्तमानपत्रांनी पुढे तिला "पर्यावरणरक्षक" वगैरे केलं. पण झाडं राखायची तिची रीत जुनीच होती, फक्त मार खाणारे बदलले. तिनं बाया गोळा केल्या आणि राईवर पाळीपाळीनं राखण बसवली. चोरून तोडणारा सापडला की त्याला त्याच्याच ओंडक्याला बांधून त्याच्याच कुऱ्हाडीच्या दांड्यानं सडकायचा. एकाचं गुडघ्याचं हाड गेलं, एकाचे पुढचे दात. जामिनावर सुटलेली यशोदाही त्यांत होती; ती मारताना रडायची, पण मारायची.

मग एका सकाळी तिनं घाटात दगड लावून शेठचा ट्रक अडवला. चालवणारा महेबूब, नाशिकचा, साधा पोटार्थी माणूस. त्याला म्हणाली, "उतर रं बाबा, तुझ्याशी वैर नाय." तो उतरला. बायांनी रॉकेल ओतलं. वर कांदा, खाली खैर, सगळंच पेटलं. भाजल्या कांद्याचा वास दिवसभर घाटात भरून राहिला होता, आणि वाटसरूंना म्हणे उगाचच भूक लागत होती. चार दिवसांनी महेबूब तिच्या दारात हजर. "ताई, माझी रोजी तुम्ही जाळली. आता रोजी तुम्हीच द्या." तानुबाई आधी चिडली, मग हसली. खासदारकीतली जुनी जीप दारात गंजत पडली होती, ती तिनं त्याच्या हवाली केली.

त्या जीपमधून ती सगळीकडे फिरली. कलेक्टर कचेरीपुढे बसली, दिल्लीलाही पुन्हा गेली, या खेपेला आत बसायला नव्हे तर बाहेर रस्त्यावर घोषणा द्यायला. नाशिकला इंदिरानगरात एका सभागृहात तिचा सत्कार झाला. शाल दिली, तुळशीचं रोप दिलं. एका सभ्य बाईंनी उठून अदबीनं विचारलं, "ताई, हेच काम अहिंसेच्या मार्गानं नाही का करता येणार?"

तानुबाई म्हणाली, "बाय, अहिंसा करायला समोर बी मानूस लागतो. माझ्या म्होरं धनराज शेठ हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली आणि महेबूबच्या कानात पुटपुटली, "टाळ्या कशापायी वाजवत्यात? झाड वाचलं का कुठं?" कारण तिला ठाऊक होतं, राई अजून धोक्यातच होती. डोंगरावर दुसरीकडे कुठंच खैर उरला नव्हता, आणि राईतले खैर म्हणजे जुने, अंगानं भरलेले, गाभा लालभडक. ती राई गेली तर झिरा कायमचा गेला आणि झिरा गेला तर खैरखोंडा उठला. तिला दुसरं काही नको होतं, एवढी राई तेवढी राहायला हवी होती.

आता वाघबारसेचं सांगायला हवं. दिवाळीच्या तोंडावरची ही बारस डोंगरात मोठी. गुराखी नाचतात, गातात, वाघदेवाला कोंबडं आणि नारळ देतात, आमच्या गुरांकडे बघू नको म्हणतात. खैरखोंड्याची त्यात एक आपली रीत. त्या दिवशी प्रत्येक घरातलं लोखंड, कुऱ्हाड, कोयता, विळा, पार सुरीसुद्धा, वाघदेवाच्या दगडाशी आणून ठेवायचं. दिवसभर राईत कुणी लोखंड हाती धरायचं नाही. माणसानं नख आवरलं तर वाघ नख आवरतो, असा तो करार. बांध कोरणारे भाऊभाऊसुद्धा त्या दिवशी रिकाम्या हातानं शेजारी बसत. राई आजवर टिकली ती गार्डामुळे नाही आणि तानुबाईमुळेही नाही, ती टिकली या एका रीतीमुळे. ज्या राईत देवासाठी हात आवरायचा तिथं एरवीही कुऱ्हाड जरा दबकूनच चाले.

ते साल दोन हजार चार-पाचचं असेल. आदल्या दिवशी यशोदा म्हणाली, "तानू, यंदा कोयते नगं ठिवू. निदान राखनीच्या बायांच्या हातात तरी ऱ्हाऊ दे. शेठच्या टोळीला बारस काय आन अवस काय."

"टोळी यादव चालवतो."

"म्हनून तर म्हनते."

"यादव चोर हाय, लबाड हाय, माझ्या पाठीत लाथ घातलेला हाय. पन त्यो खैरखोंड्याचा हाय. वाघबारसेला त्यो राईत लोखंड आननार नाय. माझी मान कापून घे."

असं भाबडं गणित दुसऱ्या कुणी मांडलं नसतं. शहाण्या माणसानं शत्रूच्या इमानावर पहारा उठवला असता का? पण तानुबाई लहानपणापासून त्या दगडापुढे नाचलेली, आणि यादवही तिच्याच शेजारी नाचलेला. तिनं पहारा उठवला. सगळ्या बायांनी आपले कोयते दगडाशी ठेवले.

बारसेच्या सकाळी भगतानं नारळ फोडला, कोंबड्याची मुंडी हातानंच पिळून त्याचं रक्त दगडावर शिंपडलं, गाणं सुरू झालं आणि वरच्या अंगानं घरघर ऐकू आली. मोटारसायकल डोंगर चढत असावी तसा आवाज. बाया धावल्या. राईच्या वरच्या टोकाला यादव उभा होता, मागं शेठची पाच-सहा परकी माणसं काठ्या घेऊन, आणि यादवच्या हातात झाड कापायचं इंजिनचं मशीन. पहिला खैर आडवा पडला होता आणि दुसऱ्याच्या बुंध्याला पातं लागत होतं.

"यादव! आज बारस हाय!" भगत ओरडला.

यादवनं मशीनचा आवाज कमी केला. त्याच्या कपाळावर घाम होता. "म्हाईत हाय. बघा माझ्या कमरंला, कुऱ्हाड हाय का? कोयता हाय का? हे मशीन हाय, पेट्रोलवर चालतंय. वाघदेवाशी करार लोखंडाचा झालाय, मशीनचा कुठं झालाय?"

म्हणजे बघा, देवाची भीती त्यालाही होतीच. नुसता बेडर असता तर सरळ कुऱ्हाड घेऊन आला असता. देवाला वकिलासारखं गुंडाळायला निघाला होता, मूर्ख कुठला!

बायांचे डोळे मागं दगडाकडे गेले. तिथं सगळ्या गावाचं लोखंड पडलं होतं, धार लावलेलं. यशोदा पळत गेली, तिनं कुऱ्हाड उचललीही.

"यशोदे, ठेव खाली!" तानुबाई अशी किंचाळली की यशोदेच्या हातातून ती गळूनच पडली. "आज आपन उचलली तर उद्या कोनीबी उचलंल. मंग ही राई देवाची नाय, नुसती झाडं. ठेव!"

ती पुढे गेली. मारामारीत रिकाम्या हातांची तानुबाई आजवर कुणी पाहिली नव्हती. परक्या माणसांतल्या एकानं काठी हाणली, ती तिच्या खांद्यावर बसली. ती थांबली नाही. यादव कापत होता त्या खैराजवळ जाऊन तिनं आपला डावा हात बुंध्यावर आडवा टेकवला, बरोबर पात्याच्या वाटेत.

"काप," ती म्हणाली.

"हो बाजूला, तानू."

"काप म्हनते ना."

यादवनं मशीन वाढवलं. हिला घाबरवावं, ही हात काढील, एवढंच त्याच्या मनात. तिच्या मनात, हा थांबेल. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलेली ती दोघं, आणि दोघांचाही अंदाज चुकला. मागून काठीवाल्यानं तिला बाजूला करायला धक्का मारला, पातं सालीवरून उडालं आणि मनगटाच्या वर बसलं.

आवाज बदलला. एवढंच लोकांना आठवतं, की लाकडाचा आवाज होता तो बदलला. रक्त यादवच्या तोंडावर, खैरावर, पातेऱ्यावर उडालं. यादवनं मशीन फेकलं आणि तोंड उघडून तसाच उभा राहिला.

मग बाया तुटून पडल्या. लोखंड नव्हतं, पण दगड होते, नखं होती, दात होते. एका काठीवाल्याचा कान यशोदेनं दातानं तोडला. दुसऱ्याला चौघींनी उताराला ढकलला, तो खाली पडलेल्या खैराच्या फांद्यांत जाऊन अडकला आणि तिथंच बरगड्या मोडून विव्हळत राहिला. बाकीचे जीव घेऊन पळाले. यादव पळाला नाही. त्याला बायांनी खाली पाडला, त्याच्या गळ्यात त्याचंच उपरणं आवळलं, आणि त्याचं तोंड काळंनिळं व्हायला लागलं तरी त्यानं हात वर केला नाही.

"आज नगं," तानुबाई म्हणाली. ती बुंध्याला टेकून बसली होती, दुसऱ्या हातानं तो हात छातीशी दाबून. आवाज अगदी बारीक झाला होता. "आज बारस हाय. सोडा त्याला."

सोडल्यावर यादव गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे गेला. त्यानं ते उपरणं तिच्या दंडाला आवळून बांधलं, तिला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरला. रस्त्याला महेबूबची जीप होती. पेठ, मग नाशिकचं मोठं हॉस्पिटल. हात कोपराखाली काढून टाकावा लागला. फौजदारानं विचारलं तेव्हा तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, आडवळण न घेता सांगितलं, आणि यादवनं शेजारी उभं राहून मान डोलावली. धनराज शेठनं मात्र कानांवर हात ठेवले. कोण यादव, कुठला खैर, आपण बुवा कांद्याचे व्यापारी!

राई वाचली. बारसेला तिथं रक्त सांडलं आणि तरी कुणी लोखंड उचललं नाही, ही गोष्ट डोंगरात पाड्यापाड्यावर गेली. शेठनं दुप्पट मजुरी देऊ केली तरी त्या राईत पाऊल टाकायला माणूस मिळेना. वैशाखात झिऱ्याला घोटाभर पाणी टिकलं.

यादव जामिनावर सुटून आला तेव्हा गाव दगडापुढे बसलं. भगतानं तांदळाचे दाणे मांडून पाहिले आणि निवाडा सांगितला, की ज्यानं बारसेला लोखंड आणलं, त्याला लोखंड पारखं झालं. मशीनचं पातं लोखंडाचंच होतं, त्यानं देवाला शिकवू नये. जन्मभर यादवनं लोखंड हाती धरायचं नाही. ऐकायला ही शिक्षा हलकी वाटते. पण डोंगरातल्या माणसाकडून लोखंड काढून घेतलं तर काय उरतं? नांगराचा फाळ लोखंडाचा. कोयता, विळा, खुरपं लोखंडाचं. द्राक्षबागेत गेला तर छाटणीची कात्री लोखंडाची. कोर्टाची शिक्षा चुकवता आली असती, ही कशी चुकवणार? तसा तो पिंपळगावला निघून गेला; तिथं कोण बघायला होतं? तरी त्यानं ती पाळली. दाढी वाढवली, हमाली केली, वाळला, आणि भात पिकायच्या सुमाराला गावी आला.

तानुबाईचं भात लोंबून आलं होतं. बाया कापणीला येतो म्हणाल्या, तर तिनं हाकलून लावलं. "माझा हात गेलाय, मी नाय गेली." पण एका हातानं भात कापता येतं का? विळा चालवायला एक हात, धान धरायला दुसरा. विळा लावला की ताटं आडवी पडत, दाणे मातीत झडत. ती शिव्या देत होती, विळ्याला, भाताला, देवाला, आणि रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं. यादव बराच वेळ बांधावर उभा राहून पाहत होता. मग तो चिखलात उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी भाताची मूठ धरली.

तानुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग विळ्याचं पातं त्याच्या बोटांना चिकटवून खाली लावलं.

"हलू नगं," ती म्हणाली.

"नाय हलत."

"मी हलले न्हवते."

यादवची मान खाली गेली. त्याच्या दाढीतून पाणी त्या भातावर टपटपत राहिलं, पण मूठ त्यानं सोडली नाही. तानुबाईनं विळा ओढला. भात त्याच्या हातात आलं आणि बोटं होती तिथंच राहिली.

"फुडची धर," ती म्हणाली.